पद्मिनी घ्यावी की मारुती ८००? (मुंबईत चालवायची आहे, नुसती पुसून ठेवायची नाही)

गिरगावकर_पांथस्थ · शनिवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

एक जुनी गाडी घ्यायचं डोक्यात आहे. रोजच्यासाठी नाही, रोजच्याला लोकल जिंदाबाद. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्ह, कधी वसई, वर्षातून एखाद-दोनदा नाशिक किंवा पुणे. समोर दोन गाड्या आहेत.

एक प्रीमियर पद्मिनी (म्हणजे आपली फियाट), १९८८ची, पेट्रोल, स्टेअरिंगवर गियर. मामांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांकडे पहिल्या दिवसापासून आहे. पाटी एमएच यायच्या आधीची, तीन अक्षरी. दुसरी मारुती ८००, १९९६ची, कार्बोरेटरवाली, चार गियर. आमच्या शेजारच्याच बिल्डिंगमधली.

किमतीत फार फरक नाही. कागदावर ताकदही सारखीच दिसते: पद्मिनी ४० घोडे, ८०० ३९. मग प्रत्यक्ष चालवताना काय फरक पडतो? पिकअप, चढ, ब्रेक, गरम होणं, सुटे भाग, सगळं सांगा. फक्त भावनिक उत्तरं नकोत. ती आईने देऊन झाली आहेत. "तुला इस्पितळातून घरी फियाटमधूनच आणलं होतं" एवढ्यावर तिचा निकाल लागलाय.

---

नवशिक्या_९६ · सकाळी ९:५२

८००. विषय संपला. पुढचा धागा.

---

सांताक्रूझ_पूर्व · सकाळी १०:०५

फियाट! ८०० काय, अजून गल्लोगल्ली दिसते. फियाट थांबली की माणसं जवळ येऊन उभी राहतात.

---

डबलक्लच · सकाळी ११:३०

माणसं जवळ येऊन उभी राहतात ती बहुतेक धक्का मारायला.

(मी स्वतः फियाटवाला आहे, त्यामुळे मला हे बोलायचा अधिकार आहे. बाहेरच्यांनी बोलू नये.)

पांथस्थ, ४० आणि ३९ हे आकडे शेजारी ठेवून काही कळणार नाही. आधी इंजिनं बघा, गंमत आहे. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिलिमीटर. ८००चं ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बोअर ६८.५ आणि स्ट्रोक ७२. एकेक सिलिंडर वेगळं काढून पाहिलं तर २७२ सीसी आणि २६५ सीसी, म्हणजे जवळजवळ एकाच मापाची. सुझुकीने एक सिलिंडर कमी वापरून तेवढीच ताकद काढली.

कशी काढली? पद्मिनीच्या इंजिनाचं कूळ थेट १९३७च्या फियाट ५०८सी पर्यंत जातं. तेव्हाही १०८९ सीसी, तेव्हाही ६८ बाय ७५. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉड वर जाणार, रॉकर हलवणार, मग वॉल्व उघडणार. मिनिटाला ४८०० फेऱ्यांना ४० घोडे मिळाले की तिचं पोट भरलं. ८००चा कॅमशाफ्ट वर हेडमध्येच, बेल्टवर फिरणारा. मध्ये हलणारे भाग कमी, म्हणून ती ५५००पर्यंत बिनतक्रार जाते. कॉम्प्रेशनही जास्त. इटलीत ११००डीला पुढे १२२१ सीसीचं इंजिन मिळालं, आपल्याकडे १०८९च राहिलं.

आता वजन. पद्मिनी ८९५ किलो, ८०० साधारण ६५०. म्हणजे हजार किलोमागे पद्मिनीला ४५ घोडे आणि ८००ला ६०. एकटे बसून ताडदेवच्या सिग्नलवरून निघालात तर हा फरक पहिल्याच गियरला पाठीत जाणवतो.

पण थांबा. दोन्हींत चार माणसं बसवा, मिळून २६० किलो धरा. आता पद्मिनी ३५ वर येते आणि ८०० ४३ वर. फरक पंधरावरून आठावर आला. टॉर्क (इंजिनाचा पीळ, ओढायची ताकद) घेतलात तर अजूनच जवळ: पद्मिनी ७१ न्यूटन-मीटर, ८०० ५९. भरल्या गाडीच्या वजनाशी भागलं की ६१ आणि ६५, म्हणजे जवळपास बरोबरी. म्हणून ज्यांनी ८०० एकट्याने चालवली ते म्हणतात उडते, आणि ज्यांनी सासर-माहेर एकत्र घालून एसी लावून चालवली ते म्हणतात मरते. दोघंही खरं बोलतात.

सर्वाधिक वेग पद्मिनीचा कागदावर १२५ आहे. तो कागदावरच राहू द्या. ८०-८५ला ती मजेत असते, त्यापुढे स्टेअरिंग आणि आपण यांच्यात वाटाघाटी सुरू होतात.

---

चौथा_गियर · दुपारी १२:१५

डबलक्लच, भारी प्रतिसाद. वाखूसा (वाचनखूण साठवली).

मी ८०० चालवत शिकले, बाबांची होती, आणि काकांची फियाटही हाताळली आहे. आकड्यांत न येणारं एक सांगते: ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. ८००ला पुढे डिस्क. त्यात फियाट अडीचशे किलोने जड. कोरड्या रस्त्यावर पाय जरा जास्त दाबावा लागतो, एवढंच. पण जुलैत हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून बाहेर आलात की ड्रममध्ये पाणी शिरलेलं असतं आणि पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर गाडी ढिम्म ऐकत नाही. काका पाण्यातून निघाले की डाव्या पायाने ब्रेक हलकेच धरून पन्नासेक पावलं तशीच न्यायचे, गरम होऊन लायनर सुकेपर्यंत. मागचा हॉर्न वाजवून वाजवून बेजार. डिस्कला ही भानगड नाही, चकती उघडी असते, पाणी फिरताफिरता फेकलं जातं.

उलट पाण्यात उतरायचीच वेळ आली तर फियाट बरी. चाकं १४ इंची, ८००ची १२. गुडघाभर पाण्यात कुठलीच नेऊ नका म्हणा.

---

गिरगावकर_पांथस्थ · दुपारी १२:४०

@डबलक्लच, ही फोड अपेक्षितच नव्हती, आभार. @चौथा_गियर, हिंदमाता टाळणं मुंबईत आपल्या हातात असतं तर काय हवं होतं.

गरम होण्याबद्दल सांगा कोणीतरी. सगळे फियाटबद्दल तेच बोलतात.

---

गॅरेजात_पडीक · दुपारी २:१०

मेस्त्री नाही, पण रविवार गॅरेजातच जातो, बायकोने नाव टाकलंय.

दोन गोष्टी वेगळ्या करा. पाणी उकळणं एक आणि पेट्रोल उकळणं दुसरं. लोक दोन्हीला "गरम झाली" म्हणतात आणि भलतंच दुरुस्त करत बसतात.

पाण्याचं: पद्मिनीचा पंखा इंजिनावरच्या बेल्टने फिरतो. इंजिन जोरात तर पंखा जोरात. गाडी महामार्गावर असते तेव्हा समोरून वारा आहेच, पंख्याची गरज कमी. गरज असते ती सायन सर्कलला अर्धा तास रांगत असताना, आणि नेमकं तेव्हाच इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. ८००ला विजेचा पंखा आहे. पाणी ठरावीक तापलं की स्विच लागतो, इंजिन मंद असो की जोरात, पंखा आपला भरार. मुंबईसाठी दोन गाड्यांतला सगळ्यात मोठा फरक विचाराल तर मी हा सांगेन, घोडेबिडे नंतर. पद्मिनीचा रेडिएटर आतून साफ असेल, बेल्ट ताठ असेल, थर्मोस्टॅट कोणी काढून फेकला नसेल, तर ती उगाच उकळत नाही. पण "असेल" तीनदा लागलं, लक्षात घ्या.

पेट्रोलचं: याला व्हेपर लॉक म्हणतात. मेकॅनिकल पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला. टाकी मागे, पंप पुढे, म्हणजे पेट्रोल ओढून आणायचं. ओढताना नळीतला दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं, नळीत वाफ होते, आणि पंप वाफ ढकलत बसतो. कार्बोरेटर कोरडा, गाडी बंद. मे महिन्यात कसारा घाटात हे चित्र नेहमीचं होतं: बॉनेट वर, ड्रायव्हरने गळ्यातला पंचा बाटलीतल्या पाण्यात भिजवलेला आणि पंपाला गुंडाळलेला. पंपाच्या लोखंडावर पहिलं पाणी पडतं तेव्हा चर्र वाजतं, नुसता ओला वास येतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत सेल्फ मारला की घेते. गाडीत एक जुना सुती पंचा ठेवाच. टेरिकॉट चालत नाही, पाणी धरत नाही.

८००ही कार्बोरेटरचीच आहे, तेव्हा ती अगदी सुटली असं नाही. पण एकूण तापच कमी.

---

नवशिक्या_९६ · दुपारी २:२५

आमच्या पिढीला गाडीत फोनचा चार्जर ठेवतात एवढंच माहीत. पंचा 😂

---

सांताक्रूझ_पूर्व · दुपारी ३:००

सगळं मान्य. मग मला सांगा, ८०० एवढी सरस होती तर मुंबईची टॅक्सी पद्मिनीच का राहिली? १९८३च्या डिसेंबरात ८०० आली. टॅक्सीवाल्यांना कळत नव्हतं?

---

कुर्लेकर · दुपारी ४:२०

आता मला लिहावंच लागणार.

आमचे वडील प्रीमियरमध्ये होते, कुर्ल्याच्या कारखान्यात, मशीन शॉपला. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी अमेरिकन डॉज-प्लायमाउथ जुळवायच्या, मग फियाट आली. पन्नाशीच्या दशकातली ती गोल पाठीची, तिला सगळी मुंबई डुक्कर फियाट म्हणायची, मग साठीत ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४पासून पद्मिनी. चितोडच्या राणीवरून नाव. एलबीएस रोडवरून जाताना सुटीच्या भोंग्याला माणसांचा लोंढा बाहेर पडायचा तो मी पाहिलेला आहे. आता त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे, लोक तिथे फ्लॅट बघायला जातात.

टॅक्सीचं उत्तर. वेग कोणी मागितला होता? पायधुनी ते दादर टॅक्सी चालवणाऱ्याला १२०चा वेग काय चाटायचा आहे? त्याला हवी बसायची जागा आणि सामानाची जागा. दोन्ही गाड्यांची रुंदी काढून बघा. पद्मिनी १४६० मिलिमीटर, ८०० १४४०. वीस मिलिमीटरचा फरक, माझ्या अंगठ्याएवढा. पण पद्मिनीचा गियर स्टेअरिंगवर, त्यामुळे पुढची सीट सलग बाकडं. मागे चार कोंबले तरी पुढे ड्रायव्हरशेजारी एक पोरगं घेतलेला एक माणूस आरामात. आणि लांबी: ३९३० आणि ३३३५. ते जे पावणेदोन-दोन फूट जास्त आहेत ना, ती डिकी आहे. ८००च्या मागे दोन पिशव्या ठेवल्या की सीटला टेकतात. पुढे सीएनजी आला तेव्हा तर हाच मुद्दा निर्णायक ठरला. पद्मिनीच्या डिकीत सिलिंडर बसला आणि सामान टपावरच्या कॅरियरवर गेलं. ८००त सिलिंडर टाकल्यावर सामान कुठे ठेवणार, पॅसेंजरच्या मांडीवर?

आणि दुरुस्ती. क्लच प्लेट, पॉइंट, कॉइल, पाटे, सगळं फूटपाथवर बसून बदलता येतं. मागे पाट्यांचीच स्प्रिंग, एखादं पान तुटलं तर तेवढंच बदला. नाक्यावरच्या मेस्त्रीचा पोऱ्यासुद्धा अर्ध्या तासात पॉइंट घासून द्यायचा. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी हात घालायला जागा. ८००चं इंजिन आडवं बसवलेलं, मोजून मापून, मागच्या बाजूचा नट खोलायला मनगट सोलून निघतं.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३च्या ऑक्टोबरात नोंदलेली. वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही गेली. कारखाना बंद होऊन तोवर वीस-बावीस वर्षं झाली होती. म्हणजे बघा, सरकारी वयोमर्यादेने थांबवलं, इंजिनाने नाही.

---

डबलक्लच · दुपारी ४:४५

+१. कुर्लेकर, सलाम.

फक्त एक: टॅक्सी म्हणून टिकली याचा अर्थ रविवारच्या चालवण्याला बरी असा होत नाही. टॅक्सीला रोज हात लागायचा. रोज सकाळी कोणीतरी पाणी बघायचं, दर आठवड्याला ग्रीस. आठवड्यातून एकदा बाहेर काढणाऱ्याला ती गाडी वेगळी वागते.

---

कुर्लेकर · दुपारी ५:०२

हे शंभर टक्के. उभ्या गाडीचाच खर्च जास्त.

---

चौथा_गियर · दुपारी ५:३०

अवांतर: स्टेअरिंगवरच्या गियरबद्दल कोणी सांगितलं नाही. पांथस्थ, कधी चालवला नसेल तर आधी मोकळ्या रस्त्यावर सराव करा. दांडी आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये सळ्या आणि सांधे असतात. त्यांच्या बुशा झिजल्या की पहिला मागताना तिसरा मिळतो. आणि जुन्या फियाटमध्ये पहिल्या गियरला सिंक्रो (चक्रांचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की बॉक्स ओरडतो. आयडीच डबलक्लच आहे त्यांचा, तेच सांगतील.

---

डबलक्लच · दुपारी ५:४१

आयडीचा उगम ओळखल्याबद्दल एक कटिंग माझ्याकडून. चढावर गाडी दुसऱ्यात दमली आणि चालत्या गाडीत पहिला हवा असेल तर: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक टिचकी, पुन्हा क्लच, आता पहिला. आत फिरणाऱ्या चक्रांचा वेग जुळला की दांडी लोण्यात सुरी गेल्यासारखी जाते. नाही जुळला तर अख्ख्या पेडर रोडला कळतं.

---

ठाणेकर_आज्जा · संध्याकाळी ७:१५

पोरांनो, कागदपत्रांचं कोणीच बोलत नाही. गाडी चांगली असून काय उपयोग, आरसी (नोंदणीचा दाखला) मेलेली असेल तर?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याला फिटनेस आणि पर्यावरण कर. ८८ची गाडी म्हणजे आत्तापर्यंत अनेकदा नूतनीकरण व्हायला हवं होतं. मधलं एखादं राहिलं असेल तर दंड आणि फेऱ्या. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः डोळ्यांनी ताडून बघा. फियाटची इंजिनं सर्रास बदललेली असतात, कोणीतरी टॅक्सीतून काढलेलं इंजिन टाकलेलं असतं आणि आरसीवर जुनाच नंबर. मी एका जुन्या गाडीपायी हे भोगलंय, एजंटचा चहा पिऊन पिऊन पित्त झालं.

"व्हिंटेज पाटी घेऊ" असं कोणी विकणारा म्हणाला तर हसा. २०२१च्या नियमाप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हायला हवीत. शिवाय ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. ८८वाली अजून बारा-तेरा वर्षांनी ये म्हणावं.

---

गॅरेजात_पडीक · रात्री ८:३०

आज्जांना +१००.

८००बद्दल एक कागदी मुद्दा. १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. ९६ची मुंबईची गाडी म्हणजे तिला तो होताच. आता सायलेन्सरच्या पाइपात तो आहे का बघा. बऱ्याच गाड्यांतून काढून साधा पाइप जोडलेला असतो, गाडी चालते, पण पीयूसीला आणि फिटनेसला तोंड लपवावं लागतं.

आणि दोन्ही गाड्यांना लागू: आजचं पेट्रोल इथेनॉलमिश्रित आहे. जुन्या रबरी नळ्या, पंपातला पडदा, कार्बोरेटरच्या सील या इथेनॉलसाठी केलेल्या नव्हत्या. फुगतात, चिरतात. गाडी घेतल्याघेतल्या टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी नळी नव्या प्रतीची टाका, फार खर्च नाही. महिनाभर उभी ठेवणार असाल तर इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, टाकी आतून गंजते. आठवड्यातून एकदा तरी फिरवा. सोसायटीत सेल्फ मारून पाच मिनिटं घुरघुर करण्याला फिरवणं म्हणत नाहीत.

भाग कुठे मिळतात: ८००चे कुठल्याही दुकानात. पद्मिनीचे ऑपेरा हाऊसची जुनी दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. इंजिनाचे, ब्रेकचे मिळतात. दरवाजाची रबरं, पुढच्या दाराच्या त्रिकोणी काचा, बंपर आणि बिल्ले यांना मात्र दुकानदार तोंड बघून भाव सांगतो.

---

नवशिक्या_९६ · रात्री ८:४४

पद्मिनीला ॲव्हरेज किती?

---

कुर्लेकर · रात्री ८:५०

विचारायचं नसतं. (शहरात दहा-अकरा मिळाले तर पेढे वाटा. ८०० पंधरा-सोळा देते.)

---

गिरगावकर_पांथस्थ · पुढचा रविवार, दुपारी १:१०

दोन्ही चालवून आलो. सविस्तर लिहितो, तुम्ही एवढं लिहिलंत तर माझंही कर्तव्य आहे.

रस्ता दोघींना एकच: ठाकुरद्वार, चर्नी रोड, चौपाटी, तिथून वाळकेश्वरचा चढ, रिज रोडवरून केम्प्स कॉर्नरला खाली आणि पेडर रोडवरून परत. सकाळी सातला, रस्ता मोकळा. मामा दोन्ही वेळा शेजारी.

पद्मिनी आधी. चोक ओढला, दुसऱ्या सेल्फला घेतली. चौपाटीच्या सपाटीवर तिसऱ्या-चौथ्यात इतकी गुमान चालते की विश्वास बसत नाही. इंजिनाचा आवाज जाडसर, एका तालातला. पन्नासला चौथ्यात टाकली आणि पाय नुसता टेकवून ठेवला, काही मागणी नाही. वाळकेश्वरला वळलो आणि चढावर गोष्ट बदलली. तिसऱ्यात दमली, दुसऱ्यात आणली, तेव्हा ओढली, पण आवाज वाढला तेवढा वेग वाढला नाही. समोरून बस आली, थांबावं लागलं, तिथून पहिल्यात उचलताना डबलक्लच यांची आठवण झाली आणि मामांनी दाराची मूठ धरली. केम्प्स कॉर्नरच्या उतारावर ब्रेक जरा लवकर धरायचा असतो हे मला उशिरा कळलं, पण थांबली. स्टेअरिंगला मध्यावर दोन बोटं ढिलाई आहे.

मग ८००. खरं सांगतो, पहिल्या पाच मिनिटांत कंटाळा आला, कारण काहीच करावं लागत नाही. तीन सिलिंडरांची थरथर सिग्नलला सीटमधून जाणवते, आरसा हलतो. पण सिग्नल सुटला की सगळ्यांच्या पुढे. तोच चढ तिसऱ्यात. दोन माणसंच होती म्हणून, हे डबलक्लच यांच्या गणितामुळे लक्षात ठेवलं. स्टेअरिंग बोटभर वळवलं की वळते. फक्त रिज रोडवरचे खड्डे पद्मिनीने गिळले होते ते हिने एकेक करून मोजून दाखवले. लहान चाकं.

नंतर आज्जांच्या सांगण्यावरून दोन्हींची तपासणी, गॅरेजात_पडीक यांच्या व्यनितल्या (व्यक्तिगत निरोपातल्या) सूचनांप्रमाणे. ८००: खालचा पत्रा बरा, कन्व्हर्टर जागेवर, टायमिंग बेल्ट (कॅमशाफ्ट फिरवणारा) कधी बदलला ते मालकालाच माहीत नाही, म्हणजे आधी तेच काम. पद्मिनी: इंजिन नंबर जुळतो (!), आरसी जिवंत. पण गालिचा उचलला तर ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्यावर पत्रा मारलेला, आणि दाराखालच्या पट्टीला स्क्रू ड्रायव्हर लावला तर आत गेला.

---

डबलक्लच · दुपारी १:३२

स्क्रू ड्रायव्हर आत गेला म्हणजे टिंकाम (पत्र्याचं काम) मोठं आहे. पद्मिनीला वेगळी चासी नाही, अंगाचा पत्राच सांगाडा आहे. दाराखालची पट्टी गेली की गाडी मध्यातून वाकायला लागते, मग दारं नीट लागत नाहीत. दार उचलून न धरता बंद होत होतं का?

---

गिरगावकर_पांथस्थ · दुपारी १:३८

डावं मागचं उचलावं लागत होतं.

---

डबलक्लच · दुपारी १:४५

मग मन घट्ट करून सांगतो: ८०० घ्या.

तुमचा प्रश्न चालवायच्या गाडीचा होता. मुंबईत राहता, बंद पार्किंग आहे असं कुठे लिहिलं नाहीत, गॅरेजचा नाद नाही, वर्षातून नाशिक करायचंय, बरोबर आई असणार. हलकी गाडी, पुढे डिस्क, विजेचा पंखा, कोपऱ्यावर मिळणारे भाग. पद्मिनी घेतलीत तर पहिलं वर्ष टिंकामवाल्याकडे जाईल, आणि अर्धवट काम करून पुटी मारून देणारे त्यातच जास्त. एका गॅरेजने माझ्या गाडीला मारलेली पुटी पुढच्या पावसाळ्यात पापडासारखी सुटली, नाव घेत नाही.

---

सांताक्रूझ_पूर्व · दुपारी २:००

फियाटवाल्यानेच घात केला. घोर कलियुग.

---

ठाणेकर_आज्जा · दुपारी २:२०

योग्य सल्ला. पांथस्थ, ८००चा बेल्ट बदलल्याशिवाय शहराबाहेर काढू नकोस. आणि टायरची तारीख बघ, नक्षी नव्हे. कमी चाललेल्या गाडीचे टायर नवे दिसतात आणि आतून लाकूड झालेले असतात.

---

गिरगावकर_पांथस्थ · बुधवार, रात्री १०:०५

८०० घेतली. बेल्ट, वॉटर पंप, पेट्रोलच्या नळ्या आणि चारही टायर, एवढं काम काढून आजच घरी आणली. पुढच्या महिन्यात नाशिक. आईने गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि माझ्याशी मात्र सकाळपासून बोललेली नाही.

सगळ्यांचे मनापासून आभार.

---

चौथा_गियर · रात्री १०:१२

अभिनंदन! फोटो टाका. कसारा चढताना एसी बंद करायला विसरू नका, तेवढे घोडे लागतात.

---

डबलक्लच · रात्री १०:३०

अभिनंदन. ती पद्मिनी गेली का अजून आहे? मालकांचा नंबर व्यनि करता का? बायकोला हा धागा दाखवू नका कोणी.

---

कुर्लेकर · रात्री १०:३४

मला माहीत होतं. नंबर मलाही हवा होता, आता तुम्हीच घ्या. टिंकामाला कुर्ल्यात एक म्हातारे मेस्त्री आहेत, पुटी लावत नाहीत, पत्रा कापून पत्राच वेल्ड करतात. वेळ लावतात. व्यनि करतो.